दुसऱ्या भागावर आबांचं मत

पहिला भाग आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या फोनवर पाहिला, तोही अंथरुणात पडून. त्या उन्हाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पडून राहायची त्यांना सवय नव्हती. माय वैतागून म्हणाली, "यासले कायतरी लाई दे." हाताला लागला तो पिक्चर मी लावून दिला. मेलेली माणसं उठतात, जिवंत माणसांना चावतात, चावलं की तीही तशीच होतात, असला तो. परदेशी, हिंदीत केलेला. मला वाटलं, दहा मिनिटांत फोन परत देतील.

त्यांनी तो महिनाभरात इतक्या वेळा पाहिला की त्यातले संवाद मायला पाठ झाले. भुतांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यात एका गोदामाचा म्हातारा वॉचमन होता. बाहेर मेलेल्यांची झुंड आलेली आणि हा फाटक धरून उभा, एकेकाला आत ढकलतोय. आबा तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहायचे. "हाऊ गडी खरा शे," ते म्हणायचे. "सगळासले मजार ली ऱ्हायना, आन सोता बाहेर."

आबांनी जन्मभर नवापूरच्या एका पोल्ट्रीत काम केलं. आमचं मूळ गाव शहादा तालुक्यातलं, म्हणून घरात अहिराणी. पण मी जन्मले ती नवापुरातच, शेडच्या मागच्या दोन खोल्यांत. अंड्यांच्या कोंबड्या होत्या. पहाटे खाद्य, मग पाणी, मग ट्रे भरायचे, मग गाडी. शेडचं फाटक उघडायचं आणि लावायचं काम आबांचंच होतं. त्यामुळे तो वॉचमन त्यांना आपला वाटला असेल तर नवल नाही.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्याच्या जोडीला मी एक उद्योग करते. गावातल्या टॉकीजला नवा पिक्चर लागला की बाहेर माइक घेऊन उभी राहते आणि लोकांना विचारते, कसा वाटला? मोबाइलवर ते टाकते. लोकांना स्वतःला पाहायला आवडतं. आपल्या गावच्या माणसाचं मत तर त्यांना मोठ्या समीक्षकापेक्षा जास्त पटतं.

दुसरा भाग लागला तेव्हा आबा म्हणाले, "मी तिकीट काढीसन पाहसू." दुपारच्या शोला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी बाहेरच थांबले, कारण इंटरव्हलला माणसं चहाला येतात आणि अर्ध्या पिक्चरवरचं मत पुऱ्या पिक्चरवरच्या मतापेक्षा खरं असतं, असा माझा अनुभव आहे.

इंटरव्हल झाला. पहिले आले ते कॉलेजचे तिघे. "पहिल्यासारखी मजा नाही," असं तिघांनी एकापाठोपाठ एक सांगितलं, जणू घरून ठरवून आले होते. उच्छलहून आलेलं एक जोडपं होतं. नवरा म्हणाला, भीती अजिबात वाटली नाही. बायको म्हणाली, मग माझं मनगट का सुजलंय? आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या खाला नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी माइक हातात घेऊन शांतपणे सांगितलं, "इसमें मुर्दे कम हैं, साहब लोग ज़्यादा हैं." हे मत पुढे सगळ्यात जास्त गाजलं. निवृत्त झालेले एक गुरुजी म्हणाले, मेलेल्या माणसाचा बूट इतका वेळ पायात राहीलच कसा.

मी हसत होते, आणि तेवढ्यात मला आबा दिसले. ते वड्याच्या गाडीकडे गेले नाहीत. सरळ बाहेर पडून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. घंटा वाजली, लोक आत गेले. आबा उठले नाहीत.

मी माइक पिशवीत टाकला आणि त्यांच्याकडे गेले.

"तब्येत बरी नही का?"

"बसी जाय," ते म्हणाले. चहा समोर तसाच होता, वर साय धरलेली.

मग त्यांनी सांगितलं. पिक्चरमध्ये एक मोठा साहेब नकाशा पसरतो आणि लाल पेनाने त्यावर गोल काढतो. गोलाच्या आत जे कोणी आहे ते संपवायचं. आजारी असो नाहीतर धडधाकट. मग पांढऱ्या कपड्यांतली, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मे लावलेली माणसं गाड्यांतून उतरतात आणि घरोघर जातात.

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी चौथीत असताना नवापूरच्या कोंबड्यांना रोग आला होता. नकाशावर असाच गोल निघाला होता. रोग आणखी पसरू नये म्हणून तसं करणं भाग होतं, हे आज मलाही कळतं आणि तेव्हा आबांनाही कळत होतं. पण आमच्या शेडमधली एकही कोंबडी आजारी नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, जेसीबीने शेडमागे खड्डा घेतला, चुन्याच्या गोणी उतरल्या. फाटक आबांनीच उघडून दिलं. त्या दिवसांत मला आणि मायला शेजारच्या वस्तीत पाठवलं होतं. परत आलो तेव्हा शेडमध्ये आवाज नव्हता. कोंबड्यांच्या शेडजवळ वाढलेल्या पोरीला त्या शांततेत झोप लागत नाही. मी कित्येक दिवस मायला चिकटून झोपले.

आबा टेबलावर बोट फिरवत होते.

"तुन्ही कोंबडी मामाकडे गयीच नव्हती," ते एकदम म्हणाले.

माझी एक गावठी कोंबडी होती, तांबूस, पायाचं एक बोट वाकडं असलेली. ती शेडची नव्हती, घरची होती. मी शाळेतून आले की ती माझ्या मागे मागे दारापर्यंत यायची. मला सांगण्यात आलं होतं की तिला शहाद्याला मामाकडे पोचवलंय, तिथे ती सुखात आहे.

"गोलमा घरन्या बी व्हत्यात," आबा म्हणाले. "मी सोता ली गऊ. काखमा धरीसन. गरम लागी ऱ्हायंती. तो माणूस म्हणना, द्या काका, मी हळूच घेतो. आन त्यानी खरंच हळूच लिन्ही."

"माले ठाऊक शे, आबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कव्हयपासून?"

मी सांगितलं. दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा मामाने मोठ्या उत्साहाने मला एक तांबूस कोंबडी दाखवली होती. बघ, तुझी. मी खाली बसून तिचे पाय पाहिले. सगळी बोटं सरळ होती. मामा घाबरून माझ्याकडे बघत होता. मी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, हो, माझीच. घरी येऊन आबांनाही तसंच सांगितलं, छान आहे ती, जाड झालीये. इतकी वर्षं मी आबांना सांभाळत होते आणि ते मला.

आबांनी तोंडावरून हात फिरवला. हसले की रडले ते मला कळलं नाही, आणि मी फार निरखून पाहिलंही नाही. टपरीवाल्याने न सांगता तो चहा उचलून दुसरा गरम ठेवला. तो प्यायल्यावर आबा म्हणाले, "लाव तुन्हं मशीन. मन्हं बी मत ली ले."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. शर्टाची कॉलर नीट केली आणि फोनकडे बघून, शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसं बोलले. पिक्चर चांगला शे, म्हणाले. कामं सगळ्यांनी चांगली केली. "पन त्या गोलमजारला लोकेसले कोनीच काही इचारं नही. आन त्या पांढरा कपडावाला घर जाईसन जेवनात का नही, ते काही दखाडं नही. ते दखाडाले पाह्यजे व्हतं."

मी तो तुकडा घरी दोन दिवस तसाच ठेवला. मग टाकला. लोकांनी तो आधी हसण्यावारी नेला. झॉम्बीच्या पिक्चरमध्ये जेवणाची काळजी करणारे काका म्हणून तो फिरला. आबांना मी ते दाखवलं नाही.

आठवड्याने त्याखाली एकाने लिहिलं. शुद्ध, शाळेत शिकलेलं मराठी होतं. 'काकांना सांगा, आम्ही नाही जेवलो. मी तेव्हा नवापूरला होतो, त्या कपड्यांत. तीन दिवस गेलं नाही घशाखाली.' मी हे आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याले बलाव."

तो धडगावकडचा निघाला, वर सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी. त्या वेळी नवा नवा लागलेला, मदतीला म्हणून खाली नवापूरला पाठवलेला. रविवारी तो पहाटे जीपने घाट उतरला, दोन बस बदलल्या आणि अकराच्या सुमाराला आमच्या दारात उभा राहिला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, बारीक अंगाचा माणूस. हातात शहाद्याच्या स्टँडवर घेतलेली केळी. चपला काढून तो उंबऱ्याबाहेरच थांबला, आत येऊ की नको अशा विचारात. आबांनी त्याचा हात धरून त्याला आत आणलं.

मायने पाणी दिलं. मग आबांनी कधीपासून विचारायचं होतं ते विचारलं. आमची शेड अशी अशी, रेल्वे लाइनच्या बाजूला. तांबूस कोंबडी. मी हळूच घेतो म्हणणारा तूच का?

त्याने खूप विचार केला. खोटं बोलला असता तर आबांना बरं वाटलं असतं, हे त्यालाही दिसत होतं.

"आठवत नाही, काका," तो म्हणाला. "चष्म्यावर वाफ धरायची. समोर कोण आहे तेच दिसायचं नाही. मी असेन, नसेनही. पण आम्ही सगळेच हळू घ्यायचा प्रयत्न करायचो. पहिल्या दिवशी तरी."

"पहिला दिवसच व्हता," आबा म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली.

त्यानंतर दोघं मोकळं बोलले. आबा अहिराणीत, तो मराठीत, मधेच दोघांना शब्द सापडेना की हिंदीत. कपड्यांच्या आत घाम कसा साठायचा, बुटात पाणी झाल्यासारखं वाटायचं. रात्री कितीही आंघोळ केली तरी चुन्याचा वास जायचा नाही. त्याच्या घरीही कोंबड्या होत्या. परत गेल्यावर आईने पाहुणचाराला कोंबडी कापायला काढली तेव्हा तो शेतात निघून गेला, आणि का गेला ते तिला कधी सांगता आलं नाही. मायने तोवर भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. तो भरपूर जेवला.

जेवताना त्याने विचारलं, "पिक्चर कसा आहे तो? आमच्याकडे टॉकीज नाही."

आबा म्हणाले, "मी बी अर्धाच पाह्यना." दोघांनी माझ्याकडे बघितलं.

तीनच्या शोला आम्ही तिघं गेलो. मी मधे बसले नाही, ते दोघे शेजारी बसले. लाल पेनाचा गोल आला तेव्हा मी आबांकडे पाहिलं. त्यांचा हात त्या माणसाच्या गुडघ्यावर होता. मग पांढरे कपडेवाले गाड्यांतून उतरले आणि धावत सुटले, जिने चढले, भिंतीवरून उड्या मारल्या. आणि आमचा पाहुणा हसायला लागला. आधी दबक्या आवाजात, मग मोठ्याने.

"काका, त्यात पळता येत नाही!" तो म्हणाला. "चार पावलं चाललं की दम लागतो. आणि मनगटाला टेप लावलेलीच नाही यांनी. पहिल्याच घरात मरतील सगळे."

आबाही हसायला लागले. पुढच्या रांगेतून कोणीतरी शूऽऽ केलं. पडद्यावर मुडदे माणसांचे लचके तोडत होते आणि हे दोघे डोळे पुसत हसत होते. तो वॉचमन या भागात पुन्हा दिसेल असं आबांना वाटत होतं. तो शेवटपर्यंत आला नाही. त्याबद्दल आबा जरा नाराज झाले.

बाहेर आल्यावर मी माइक काढला. पाहुण्याने दोन्ही हात हलवून नाही सांगितलं. "मला बोलायला नाही जमणार. काका बोललेत तेच माझं." मी आग्रह केला नाही.

रात्री तो आमच्याकडेच राहिला. पहाटे स्टँडवर आबा त्याला बसमध्ये बसवायला गेले. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी त्याला शेंगदाण्याची पुडी दिली आणि पोचल्यावर फोन करायला सांगितलं. घाट उतरताना-चढताना जीपवाले भरधाव हाकतात, मागे बसू नको, असंही सांगितलं. बस निघाली तरी काही पावलं ते तिच्याबरोबर चालत गेले.

आता तो दर रविवारी फोन करतो. आबा फोन कानाला लावून अंगणात खाटेवर बसतात आणि गरज नसताना ओरडून बोलतात. मी सुरुवातीला कान देऊन ऐकायचे, आता सोडून दिलं. कोंबड्यांचा विषय निघत नाही. काल अर्धा तास तिकडे वर मोहाची फुलं पडायला लागली का, यावर चाललं होतं. आबांनी मग मायला हाक मारून सांगितलं, पुढच्या महिन्यात आपण दोघं धडगावला जाऊ, तिकडे थंड असतं.