जुन्या ओळीच्या शेवटी

गुरुवारी सकाळी बाबांचा फोन आला, "माई गेली." मी डोंबिवलीहून बाळकुमला पोचले तेव्हा हॉलमधला कॉम्प्युटर चालूच होता. आदल्या संध्याकाळी बंद करायचा राहिला असावा...

माई म्हणजे बाबांची दुसरी बायको. त्या कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. आई गेल्यावर काही वर्षांनी त्या घरी आल्या, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. त्या चिठ्ठ्या आता जाणार, असं मी धरूनच चालले होते. सगळे त्यांना माई म्हणत. मी 'अहो' म्हणायचे, शक्यतो तेही नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, टाकला, पण कमांडच्या काळ्या विंडोत त्याचं नाव लिहिलं की सापडत नाही असं उत्तर यायचं. प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे ते कॉम्प्युटरला सांगणारी 'पाथ' नावाची ओळ असते. तिच्यात कंपायलरच्या फोल्डरचा पत्ता घाल, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी आधीची लांबलचक ओळ पुसून तेवढाच पत्ता लिहिला. नव्या विंडोत कंपायलर चालला, बाकीच्या कमांड बंद पडल्या. बाबा म्हणाले, "झालं! वाजवलेस बारा."

माई पोळ्या लाटता लाटता बाहेर आल्या. "आधीची काळी विंडो बंद केलीस?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? ती बदलाच्या आधी उघडलेली. तिला जुनं सगळं आठवत असतं."

तिच्यातून त्यांनी जुनी ओळ उचलून जागेवर ठेवली. "जुनं पुसायचं नाही गं. शेवटी अर्धविराम द्यायचा, मग आपला पत्ता." आणि पिठाच्या बोटांनी तो पत्ता स्वतः टाईप केला.

त्यांच्यामागून मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर आईचे डबे चिठ्ठ्यांसकट तसेच होते. रांगेच्या अगदी टोकाला माईंची मसाल्याची बरणी... किती दिवस तिथं होती कोण जाणे.

"माई, मी लाटू?"

"लाट. पण पोळ्या हं, नकाशे नकोत."

परवा बाबा म्हणाले, "जुना झालाय, देऊन टाकू." मी तो कॉम्प्युटर डोंबिवलीला आणला. ती ओळ उघडून पाहिली. शेवटी अर्धविराम आहे, त्यापुढे माईंनी टाईप केलेला पत्ता. कंपायलर चालतो.