आत्याच्या वहीतला नववा नियम

आमची आत्या जिवंत आहे तोवर म्हैसुरातल्या कुठल्याही मराठी आईबापानं आपल्या पोराचं भलं करायचा विचार मनात आणू नये. ते खातं तिनं केव्हाच आपल्याकडं घेतलेलं आहे. मूल सेकंड पीयूला, म्हणजे तुमच्याकडच्या बारावीला, गेलं रे गेलं की अग्रहारातल्या तिच्या माडीवरून बोलावणं येतं, आणि त्या बोलावण्याला नाही म्हणालेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. आमचे पूर्वज म्हणे इथं कापडं रंगवायला आले. रंग गेला, धंदा गेला, घरातली मराठीसुद्धा अर्धी कन्नड झाली. उरली ती एकच खोड, चार घरांत काही घडलं की पाचव्यानं नाक खुपसायचं. आत्यानं त्या खोडीची संस्था काढली, एवढंच. मी तिचा सख्खा भाचा आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाईट बोलायचा पहिला हक्क माझा, आणि तो मी इथं पुरेपूर बजावणार आहे.

ती निवृत्त शिक्षिका असावी असं लोकांना वाटतं, आणि तीही तो समज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. खरं म्हणजे तिनं आयुष्यात एक धडा कुणाला शिकवलेला नाही. मुलींच्या एका हायस्कुलात ती ऑफिसात होती. जन्मभर दाखले लिहिले, शिक्के मारले, फायली बांधल्या. त्यामुळं माणसाचं वाटोळं मार्कांनी होत नाही, कागदांनी होतं, अशी तिची पक्की समजूत. उंचीनं साडेचार फूट, आवाजानं साडेसहा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तिला लांबून पाहिलं की हातातलं काम टाकून उभा राहतो, कारण कडा काळी आलेली प्रत ती त्याच्या डोळ्यांदेखत चार तुकडे करून त्याच्याच टेबलावर ठेवते. अर्ज निळ्या शाईतच. फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. एकदा एका मुलीचा डावा कान केसांखाली गेला, तर आत्यानं सबंध बारा फोटो परत पाठवले आणि वर निरोप दिला, "उरलेला कान घेऊन उद्या सकाळी ये." मुलगी रडत आली, केसांना तेल चोपडून आली, आणि आज स्वतःच्या पोरीचे फोटो काढताना तिचेही कान मागं ओढते.

माडीवर गेलेल्या मुलाला ती आधी काही खायला देत नाही. "भरल्या पोटी मूल खोटं बोलतं," हे तिचं मानसशास्त्र. समोर कागद ठेवायचा आणि काय काय व्हायचंय ते एकाखाली एक लिहायला सांगायचं. मुलं पहिल्या झटक्यात डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर लिहून मोकळी होतात. आत्या तिकडं बघतही नाही. "पहिलं सगळ्यांनाच येतं लिहायला. सातवं काय लिहिलंस ते सांग." सातव्या नंबराशी पोरं घाम पुसू लागतात. तिथं कुणी 'बेकरी' लिहितो, कुणी 'काहीच नको', एका हुशार मुलीनं 'नर्स' लिहून पुन्हा खोडलं होतं. मग आत्याची उलटतपासणी, आणि त्यातून एखादं खरं वाक्य बाहेर पडलं, की आतून मज्जिगे येतं, आलं-कढीलिंब घातलेलं थंडगार ताक. खरं बोलणाऱ्यालाच ताक. बाकीचे कोरडे घरी. आईबापांना तर ते कधीच मिळत नाही. मी पोरवयापासून त्या माडीवर जात आलो, मला कधी मिळालं नव्हतं.

खरा तमाशा जूनच्या दुसऱ्या रविवारी. पुढच्या वर्षी सीईटी झाली की मुलांना सरकारी वेबसाइटवर आवडीचे कोर्स आणि कॉलेजं क्रमानं भरावी लागतात. रँकप्रमाणं यादी वरून तपासत येतात. जे पहिलं जमलं ते तुमचं, आणि त्याच्या खालचं सगळं कायमचं पुसलं जातं. हे मुलांच्या हाडात भिनावं म्हणून आत्या वर्षभर आधीच गच्चीवर लुटुपुटीचं अलॉटमेंट करते. आईबापांना "सुम्ने, उगंच फिरून या" म्हणून हाकलते, मुलांच्या याद्या घेते आणि एकेकाला सीट वाटते. मिळालेली सीट आठ दिवस भोगायची, हा कायदा. सिव्हिल मिळालेल्या पोराला तिनं जयलक्ष्मीपुरमात गटाराचं काम चालू होतं तिथल्या सुपरवायझरच्या हवाली केलं. वकिली मिळालेली कोर्टाच्या व्हरांड्यात आठ दिवस बाकावर. 'डॉक्टर' लिहिलेला एक पैलवान हॉस्पिटलच्या कॉरिडॉरात तिसऱ्या दिवशी आडवा झाला. त्याची आता छान बेकरी आहे आणि दर शनिवारी आत्याकडं गरम पफ येतात. ते ती शेजाऱ्यांना वाटते, कारण तिला मैदा बाधतो.

आणि ती वही. शाळेतली चाळीस पानी, वर पुठ्ठ्याला खाकी कागद. तिच्यात आत्याचे नियम. जातीचा दाखला देवघरात ठेवू नये, कारण समईचं तेल सांडतं. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात परगावच्या लग्नाला जाऊ नये. मुलाच्या अर्जावर मामाचा सल्ला घ्यावा, सही घेऊ नये. ऐकताना हसू येतं; पण प्रत्येक नियमामागं एक घर आहे. कुणाचा तरी दाखला खरंच तेलात भिजलाय, कुणी तरी खरंच हुबळीच्या मांडवात जेवत बसलं होतं. कोण, ते आत्या मरेपर्यंत सांगायची नाही. "कुणाचं ते विचारायचं नाही," हा वहीबाहेरचा नियम.

आमच्या चैत्राला तिनं बोलावलं तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं. एकुलती एक लेक, डोकं तल्लख, रँक येणार हे ठरलेलं. मुलीनं यादीत पहिलं काय लिहावं? जनावरांची डॉक्टर. दुसरं तेच, दुसऱ्या गावचं कॉलेज. तिसरं शेतकी. सातव्या नंबरावर कॉम्प्युटर इंजिनियरिंग, बंगळूर. आत्यानं भिंग लावून ते वाचलं आणि म्हणाली, "हे सातवं तुझं नव्हे मगळे, पोरी, तुझ्या बापाचं आहे. राहू दे. खाली आहे तोवर बाधत नाही." चैत्रा हसली, आणि आतून ताक आलं.

मग आठ दिवस तिला धाडलं सरगूरला. तिथल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आत्याच्या शाळेतली एक जुनी मुलगी डॉक्टर आहे. मी म्हटलं, बरं झालं, शेणानं हात भरले की उतरेल खूळ. नवव्या दिवशी पोरगी बसमधून उतरली ती नाकापर्यंत उन्हानं काळी झालेली, अंगाला गोठ्याचा वास आणि तोंडाची टकळी थांबेना. "बाबा, वासरू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून वळवलं. मी पाय धरले होते. उभं राहिलं, बाबा, पाच मिनिटांत उभं राहिलं!" तिला इतकं बोलताना मी तेव्हा शेवटचं ऐकलं. मी म्हणालो, "आधी आंघोळ कर."

पुढच्या वर्षी रँक आली, अपेक्षेपेक्षा चांगली. यादी भरली, आत्यानं तपासली, क्रम तोच. रजिस्टर केलेला मोबाइल माझा होता, कारण आमच्या घरात सगळ्याच गोष्टींना माझा मोबाइल असतो. यादी बदलायच्या शेवटच्या दिवशी मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्याचा मुलगा आदल्या वर्षीच कॉम्प्युटरला लागलेला. तो दात कोरत म्हणाला, "काय हो, एवढी रँक आणि दनद डॉक्टर? जन्मभर गाईच्या मागं उभी करणार पोरीला?" दनद डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर, कन्नडात तो शब्द शिवी नाही, पण त्यानं तो शिवीसारखाच टाकला. माझं डोकं फिरलं. प्रिंट काढायला म्हणून चैत्रानं मला पासवर्ड देऊन ठेवला होता. सातवं उचललं आणि पहिल्यावर ठेवलं. मोबाइलवर ओटीपी आला. सहा आकडे टाकले.  खोटं कशाला सांगू, मोठं काम उरकल्यासारखं वाटलं आणि डब्यातलं चित्रान्न मी चाटूनपुसून खाल्लं.

अलॉटमेंट लागलं, बंगळूर, कॉम्प्युटर. खालचं सगळं पुसलेलं. जनावरांची सीट तिच्या रँकला आरामात मिळत होती, हे नंतर कळलं. चैत्रानं पडद्यावरची यादी वरून खाली एकदा वाचली आणि माझ्याकडं बघितलं. बस्स, एकदाच. तेवढ्यात तिची आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "अगंबाई, हे कसं झालं?" आणि माझी पोरगी शांतपणं म्हणाली, "मीच बदललं, आई. शेवटी विचार केला." माझ्या बायकोला तेच खरं वाटलं. भांडली असती, ताट भिरकावलं असतं, चार लोकांत माझी अब्रू काढली असती तर मी काहीतरी बोललो असतो. भांडायला मी कमी नाही. तिनं मला वाचवलं आणि तिथंच मला संपवलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. अग्रहाराच्या बाहेर सहसा पाऊल न टाकणारी बाई रिक्षा करून जयलक्ष्मीपुरमला आमच्या घरी आली, आणि बायको कॉफी टाकायला आत गेली तेवढ्यात माझ्यापुढं हात पसरून म्हणाली, "मोबाइल." मी दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, एखादं किडकं वांगं पाहावं तसा, आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता फोडते. ती म्हणाली, "आयतु. झालं ते झालं. माझी नजर गेलीय. रविवारपासून नियम वाचायला तू यायचं."

माझा संताप संताप झाला. मी काय तिच्या शाळेतला शिपाई? पण रविवारी गेलो. वही उघडली तर आठ नियमांच्या खाली, वाकड्यातिकड्या निळ्या अक्षरात, ताजा नववा: 'ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल मुलाच्या खिशात असावा, बापाच्या नव्हे.' मी तो वाचला. दर जूनला, प्रत्येक नव्या बॅचपुढं, आणि अधूनमधून येणाऱ्या प्रत्येक आईबापापुढं मी तो वाचतो. दोन वर्षं झाली. कुणाचं ते कुणी विचारत नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत चैत्रा आली होती. आताशा येते, झोपते, आईशी बोलते, माझ्याशी "हो" आणि "नको" एवढ्यावर भागवते. आत्यानं तिला माडीवर बोलावलं, कॉम्प्युटर घेऊ म्हणणाऱ्या मुलांशी बोल म्हणून. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून ती त्यांना म्हणाली, "चांगलं आहे. मार्क पडतात, नोकरीही लागेल. पण तुम्हाला हवं असेल तरच घ्या." तक्रारीचा एक शब्द नाही. त्याहून वाईट म्हणजे आवाजात वासराचे पाय धरणाऱ्या मुलीचा मागमूस नाही. मग आत्यानं मला खूण केली आणि मी वही उघडली.

नवव्या नियमाशी एक बाप खदखदून हसला. सराफ्यात दुकान, बोटात अंगठ्या, शेजारी मान खाली घालून बसलेली मुलगी. "अय्यो, असं कुठला बाप करतो हो?"

"कुणाचं ते विचारायचं नाही," आत्या कडाडली. "पुढं वाच रे."

पुढं वाचायला हवं होतं. दोन वर्षं वाचतच होतो की. पण टाकीच्या कट्ट्यावर चैत्रा बसलेली. मी वही मिटली आणि म्हणालो, "मी केलं. हा नियम माझा आहे. पोरीनं सातवं लिहिलेलं मी पहिलं केलं, तिला न विचारता, आणि आळ तिनं आपल्यावर घेतला."

 अंगठीवाल्याच्या मुलीनं मान वर केली. चैत्रा मात्र माझ्याकडं न बघता टाकीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिली. खरवडता खरवडता म्हणाली, "आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." मग नख पुसत, "पुढचं वाचा, बाबा."

बाबा म्हणाली ती, खूप दिवसांनी. मी वही उघडली. दहावा नियम आत्याचा सगळ्यांत जुना, पण तो तिनं मुद्दाम वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहून ठेवलाय, शेवटी वाचायला: 'वरचं मिळालं की खालचं कायमचं पुसलं जातं, हे मुलांना तीनदा सांगावं.' मी तीनदा सांगितलं.  आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि ताकाचा एक पेला आणून माझ्यासमोर ठेवला.