काकांची डावी बाजू

स्वतःच्या दुखण्याचा निकाल स्वतःच देणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात एकच, आमचे अंबडचे काका. माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे ताप आला की तो उन्हाचा, पोट दुखलं की ते मावशीच्या वांग्याचं, असा हुकूम बसल्या जागेवरून सुटायचा. डाव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येऊ लागली तेव्हा त्यांनी दाढेला दोषी ठरवलं आणि जाऊन ती काढून आले. कळ थांबेना. "मंग शेजारची असंल," म्हणत तीही काढली. दोन्ही दाढा धडधाकट होत्या, असं दातांच्या डॉक्टरनं मावशीला हळूच सांगितलं.

पुढे गालाला वारासुद्धा सोसेना. ऐन मे महिन्यात पंखा बंद. आलेला पाहुणा सरबत यायच्या आत घामानं निथळायचा. वस्तरा टेकला की कळ, म्हणून दाढी फक्त उजवीकडची. वाटूरच्या एका लग्नाला तसेच गेले आणि कोणी रोखून पाहिलं की म्हणायचे, "निम्मा मी नवरीकडचा, निम्मा नवरदेवाकडचा." लोक हसायचे. त्यांना स्वतःला हसता येत नव्हतं. ओठ हलला तरी डोळ्यांत पाणी यायचं. एकदा जेवताना घास हातात धरून नुसते बसलेले दिसले, तेव्हा मी त्यांना न विचारताच संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. मेंदूचा एमआरआय साफ आला. त्यांनी विचारलं, "हातापायांची काही तक्रार?"

"बिलकुल न्हाई," काका म्हणाले.

मावशीला राहवलं नाही. "चार महिने झाले, यांच्या शर्टाची बटनं मीच लावून राह्यले. चप्पल पायातून निसटली तरी यांना कळत न्हाई."

काकांनी चपलेतले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला. "दुखतंय गालात अन् फोटो मानेचा?" काका बाहेर येऊन माझ्यावर चिडले. पण मानेच्या अगदी वरच्या मणक्यांत मज्जारज्जू दबलेला निघाला. "चेहऱ्याच्या नसेची एक वाट मानेपर्यंत उतरते," डॉक्टर म्हणाल्या. "तिथल्या दाबानं गाल दुखू शकतो. तुमचा त्यानंच दुखतो, हे खात्रीनं नाही सांगत. हातापायांसाठी मात्र ऑपरेशन टाळू नका."

मग, मी ऐकलेलं तरी आयुष्यात पहिल्यांदाच, काकांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर?"

ऑपरेशन झालं. बोटं हळूहळू वळू लागली, चाल सुधारली, आणि गालातली कळही विरळ होत गेली. कळेवरची गोळी अजून चालू आहे. संबंध असावा, एवढंच डॉक्टर आजही म्हणतात.

दिवाळीत गेलो तेव्हा काकांनी स्वतः मोसंबी सोलून माझ्या हातावर फोडी ठेवल्या. आम्ही बाहेर निघालो तशी मावशी आली आणि त्यांच्या शर्टाची बटनं लावू लागली. ते मान ताठ ठेवून निमूट उभे राहिले. ती आत गेल्यावर मी म्हणालो, "काका, आता तर तुम्हाला लावता येतात ना?"

"बराबर येतात," ते दाराकडे बघत हळूच म्हणाले. "पण तिला सांगू नको."