काटकोनातलं चिलखत

एकतीस वर्षं लोकांना हलू न देणं, हेच प्लास्टरमामांचं काम. हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की त्यांची खोली. एक उंच बाक, पाण्याचं मोठं भांडं, आणि कितीही पुसली तरी पांढरीच राहणारी फरशी. डॉक्टर हाड जागेवर बसवून हात धुवायला जायचे, आणि ते हाड तिथेच राहील याची जबाबदारी मामांची. पट्टी भिजवायची, पिळायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर घ्यायचा. कोपर काटकोनात, अंगठा मोकळा. शेवटी म्हणायचं, "बोटं हलव बघू." बोटं गुलाबी दिसली आणि हलली की मामांच्या लेखी जग ठीकठाक.

हाडं सहा आठवड्यांत जुळतात हे मामांना पक्कं ठाऊक होतं. माणसांचं मात्र त्यांना काही कळेनासं झालं होतं, आणि तेही एकाच माणसाचं. ते माणूस सात वर्षांचं होतं. मुलीची मुलगी. तिला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती जन्मली तेव्हा तेवढीशीच होती आणि गोडाचा डबा कुठेही ठेवला तरी तिथे पोचायची.

गेल्या वर्षी मुंगी झोपाळ्यावरून पडली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर कोणी घालायचं? मामांनी बाकीच्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. स्वतः घातलं, सहा आठवड्यांनी स्वतःच कापलं, आणि क्ष-किरणाचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, झकास. पण त्या दिवसापासून मुंगी आजोबांजवळ फिरकेना. आई कामाला जाताना तिला रोज या घरी सोडायची, तर ही जेवायला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची. आजोबा सोफ्यावर आले की ही उठून खिडकीत. भांडण नाही, रुसवा नाही, उलट उत्तर नाही. परक्या मोठ्या माणसाशी वागावं तसं नीट वागायची. हे मामांना सगळ्यात जास्त लागायचं.

त्यांनी डोकं खाजवून खाजवून कारणं शोधली. अंगाला औषधाचा वास येतो म्हणून? साबण बदलला. मिशा टोचतात म्हणून? एके सकाळी तीस वर्षांच्या मिशा सफाचट. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. मुंगीने ते उघडं तोंड बघितलं आणि आजीला विचारलं, आजोबांना बरं नाही का. आजी म्हणाली, "अहो, तिलाच विचारा ना एकदा." मामा म्हणाले की विचारायचं काय, हात तर किती छान बसलाय तिचा. यावर आजीने कपाळाला हात लावला आणि विषय तिथेच राहिला.

मग मामा निवृत्त झाले, आणि पाच महिन्यांनी शाळेची एक चिठ्ठी आली. मुंगीच्या वर्गाचं एक छोटं नाटक होतं. त्यातल्या सरदारांसाठी मुलं स्वतः पुठ्ठ्याची चिलखतं बनवणार होती. शनिवारी सकाळी घरातल्या हाताने काम करणाऱ्या एका मोठ्या माणसाने मदतीला यावं, असं बाईंनी लिहिलं होतं. खाली नाव लिहायची जागा होती आणि तिथे मुंगीने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, आजोबा.

मामांनी ती चिठ्ठी चारदा वाचली. आईने सांगितलं म्हणून लिहिलं का? आई म्हणाली, मला तर माहीतच नव्हतं. आजीने सांगितलं? नाही. म्हणजे पोरीचा राग गेला? पण रात्री जेवताना बघावं तर पुन्हा पलीकडच्याच बाजूला. मामांची मती गुंग झाली. चिठ्ठीवर नमुन्याचं चित्र होतं, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बंद असलेला एक माणूस. मामांनी ते बराच वेळ निरखलं आणि शेवटी बायकोला विचारलं, याला इतकं सगळीकडे कसं काय मोडलं असेल. तिने समजावलं की अहो, ते मोडल्यावर घालायचं नाही, मोडू नये म्हणून आधीच घालायचं. मामांना ते काही पटलं नाही. मोडायच्या आधी प्लास्टर घालून घेणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

शनिवारी ते पिशवी भरून शाळेत गेले. मोठ्या उत्साहाने औषधाच्या दुकानातून प्लास्टरच्या पट्ट्यांच्या सहा गुंडाळ्या नेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर चार मुलं दिली होती. एक अखंड बडबड करणारी मुलगी, दोन जुळे भाऊ, आणि चौथी मुंगी. मामांनी पहिली गुंडाळी बाहेर काढली, आणि बघतात तर मुंगी टेबलाखाली. बाईंनी बोलावलं, बडबडीने बोलावलं, पण ती येईना. मामांनी गुंडाळ्या पुन्हा पिशवीत कोंबल्या आणि पिशवी वर्गाबाहेर ठेवून आले. तेव्हा कुठे टेबलाच्या कडेवर आधी दोन डोळे आले, मग मुंगी आली.

मग पुठ्ठा आणि खाकी कागदाची चिकटपट्टी घेतली. बाईंनी सांगितलं होतं की मुलांनाच कापू द्या, मुलांनाच चिकटवू द्या, आपण फक्त मदत करायची. मामांनी मान डोलावली खरी. पण बडबडीने पट्टी अशी वेडीवाकडी गुंडाळली की त्यांना राहवेना. "असं नाही गं," म्हणत त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि एकदा हातात हात आला की मामांचे हात मामांचं ऐकत नाहीत. पुठ्ठ्याची नळी हाताभोवती बसवली, आत कापूस सारला, वरून चिकटपट्टी. एक वेढा, निम्म्यावर दुसरा, निम्म्यावर तिसरा. बाजूच्या टेबलावरचे वडील उठून बघायला आले, इतकं ते सुबक दिसत होतं. जुळ्यांनी आपापले हात पुढे केले.

मुंगीची पाळी शेवटी. तिने उजवा हात पुढे केला, पण अंग जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब ठेवून. मामा हळूच गुंडाळत राहिले. वर्षभरानंतर तो चिमुकला हात त्यांच्या हातात आला होता. धीर करून त्यांनी विचारलं की माझं नाव का लिहिलंस गं.

"तुम्हाला कडक करता येतं म्हणून," मुंगी म्हणाली. "बाकीच्यांचं मऊ होतं. मला एकदम कडक पाहिजे. कोणी हात लावला तरी आत कळलं नाही पाहिजे."

हे कौतुक की आणखी काही, ते मामांना समजेना. त्यांनी कौतुक समजून घेतलं आणि आणखी दोन वेढे जास्त मारले. वर चंदेरी कागद लागला, छातीचा पत्रा म्हणून पुठ्ठा आला. लोंबता हात मामांना बघवत नाही, म्हणून आधाराला एक रुंद पट्टी मनगटावरून छातीच्या पुठ्ठ्यापर्यंत गेली. "बोटं हलव बघू." सोळा सरदारी बोटं गुलाबी होती आणि हलत होती. अंगठे धरून वीस. मामा खूश झाले.

तालमीची टाळी वाजली. वर्गातले बारा सरदार ओळीत उभे राहिले आणि बाई म्हणाल्या, आता तलवारी उंच करा आणि शपथ घ्या. आठ तलवारी वर गेल्या. मामांच्या चौघांच्या गेल्या नाहीत. चौघांचेही उजवे हात कोपरात काटकोनात वाकून पोटाशी बांधलेले, आणि तलवारी सरळ पुढे, भाजीची पिशवी धरावी तशा. जुळ्यांपैकी एकाने जोर लावला तर तो अख्खाच गोल फिरला. वर्ग हसून हसून लोळायला लागला. बाजूच्या टेबलावरचे वडील म्हणाले की हे सरदार लढाईला चाललेत की लढाईवरून आलेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मामा तर ठणठणीत जिवंत होते. काम तर एक नंबर झालं होतं, मग लोक हसत का होते? मग बाईंनी चिलखत काढायला हात घातला आणि दुसरी गंमत उघडकीला आली. इतरांच्या चिलखतांना मागे नाड्या होत्या. मामांच्या चिलखताला उघडायला जागाच नव्हती, कारण मामांनी आयुष्यात जे जे घातलं ते शेवटी कापूनच काढलं होतं.

मामांच्या खिशात त्यांची बोथट टोकाची कात्री होती. दवाखाना सुटला तरी ती सुटली नव्हती. बडबडीचं कापलं, बडबड चालूच. जुळ्यांचं कापलं. मुंगी मात्र मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. एक हात काटकोनात बांधलेला, दुसऱ्याने तो घट्ट धरलेला. तोंड पांढरंफटक.

मामा तिच्यापुढे खाली बसले आणि त्यांच्या तोंडून आपोआप आलं, "घाबरू नकोस, लागत नाही."

"तुम्हाला काय माहीत?" मुंगी म्हणाली. "तुम्हाला कधी घातलंय?"

लागत नाही, हे वाक्य मामांनी किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. प्लास्टर कापायची थरथरणारी करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायची, बघ, कापत नाही, आणि पुढे चालायचं. कातडी कापली जात नाही हे खरंच आहे. पण प्लास्टर घातलेला हात त्यांना कधीच नव्हता. एकतीस वर्षांत त्यांचं साधं करंगळीचं हाडसुद्धा मोडलं नव्हतं. आणि हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले. "कधीच नाही."

मग काय झालं कोण जाणे, ते उठले, बुटक्या खुर्चीवर कसेबसे बसले, बाही दुमडली आणि हात मुलांपुढे केला. घाला म्हणाले. मुलांना आणखी काय हवं? पुठ्ठा आला, चिकटपट्टी आली. जुळे वाटेल तसे गुंडाळायला लागले, तर मुंगीने त्यांना थांबवलं. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर घ्यायचा, तिने सांगितलं. एका हाताने ती पट्टीचं टोक धरायची आणि जुळ्यांकडून ओढून घ्यायची. हे ती कधी शिकली? मामांना आठवलं, ते उंच बाक आणि त्यावर बसून त्यांच्या हातांकडे टक लावून बघणारी मुंगी. शेवटी तिने सांगितलं, बोटं हलवा बघू. मामांनी हलवली.

कात्री मुंगीने डाव्या हातात घेतली. बाई पुढे झाल्या, तर मामांनी मानेनेच नको म्हटलं. बोथट पातं मनगटाशी आत शिरलं. गार होतं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं काहीतरी वर सरकत होतं, आणि हात स्वतःचा असून ओढून घेता येत नव्हता. मामांच्या मानेवर घाम आला. कात्री बोथट आहे, आपलीच आहे, सगळं ठाऊक होतं. तरी हात दचकला.

मुंगी थांबली. "लागतंय का?"

नाही, असंच मामा म्हणणार होते. जिभेवर तेच होतं. "थोडं," ते म्हणाले. "आणि भीती वाटतेय."

"मग मी थांबते," मुंगी म्हणाली, आणि खरोखरच थांबली. कात्री तशीच धरून, घाई न करता.

त्या थांबण्यात मामांना गेल्या वर्षीची ती दुपार आठवली. करवत चालू, तिचा घर्र आवाज, आणि मुंगी काहीतरी म्हणतेय. करवतीचं पातं तापतं, हे त्यांना कामाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. प्लास्टर निघाल्यावर मनगटाच्या वर एक लाल रेघ होती. त्यांनी ती पाहिली होती. दोन दिवसांत जाईल म्हणाले होते आणि हात किती सरळ बसलाय ते सगळ्यांना दाखवत सुटले होते. रेघ दोन दिवसांत गेलीही. साबण बदलला, मिशा काढल्या, आणि ही रेघ काही डोक्यात आली नाही. मामांना स्वतःची इतकी लाज वाटली की मुंगीकडे बघवेना.

"मी थांबलो नव्हतो," ते म्हणाले.

"हो," मुंगी म्हणाली. "मी तीनदा सांगितलं होतं."

तिने उरलेलं कापलं. मामांचा हात बाहेर आला, केसांना पट्टी चिकटून लालबुंद झालेला. मग तिने कात्री त्यांच्या हातात दिली आणि आपला काटकोनातला हात पुढे केला. "पण मी थांबा म्हटलं की थांबायचं."

मामा बरं म्हणाले. त्यांनी कात्री चिलखताच्या कडेशी नेली. कागदाला ती अजून लागलीही नव्हती.

"थांबा," मुंगी म्हणाली.

मामा थांबले. वर्गात बाकीचे सरदार शपथ घेऊन मोकळे झाले, बाईंनी पसारा आवरायला घेतला, जुळ्यांचे वडील न्यायला आले. मुंगी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती आणि मामा कात्री हवेत धरून बसले होते.

"आता चालेल," ती म्हणाली, आणि खुर्ची त्यांच्या जवळ ओढून घेतली.