सुशीलाला भीती वाटायची

सुशीला गेल्याचं कळलं की जो तो एकच विचारायचा... “बुडाली का?” नाही. काविळीनं गेली, दवाखान्यात. मी उशाशी होते. शोकसभेत तर सगळे म्हणाले, तिला भीती कशी ती ठाऊकच नव्हती. सव्वा महिना मी गप्प बसले. आता लिहिते, कारण हे खोटं आहे.

सुशीला माझी मावसबहीण, दोन वर्षांनी मोठी. आमचं गाव सावनेरकडचं. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीला मज्जाव, म्हणून ती सूर मारायला शिकली बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात. कोळशानं काळं झालेलं पाणी. कितीही वरून उडी घ्या, खाली काय आहे ते दिसत नसे, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला ती कधी भ्याली नाही. गावी आलेल्या एका क्रीडाशिक्षकांनी तिला तिथं पाहिलं आणि नागपूरला आणलं. त्याच वर्षी मी कॉलेजात गेले, आमच्या घराण्यातली पहिली, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. नागपुरातल्या महाल भागात एका खोलीत आम्ही दोघी राहायचो.

इथल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी काचेसारखं. पहिल्याच दिवशी ती सूर मारायच्या उंच ओट्यावर चढली आणि कठडा धरून बसली. येताना सायकलरिक्षात म्हणाली, “तळ दिसून राहिला वं. फरशीची एकेक रेघ. पाणीच नाही असं वाटते.”

“मग सांग ना सरांना.”

“काय सांगू? खाणीतली पोरगी पाण्याले भेते म्हणून?”

तेव्हापासून रोज मी काठावर बसून पायांनी पाणी हलवायची. पाणी हललं की तळ मोडायचा, आणि ती उडी घ्यायची. हे आमचं दोघींचं गुपित.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, “निवड झाली तं राह्य. नाही तं चाल गावी, पोरगा पाहून ठेवला.” त्या दिवशी पंचांनी मला काठावरून उठवलं. “ओ बाई, पाय काढा! ही काय नदी आहे?” लोक हसले. पाणी निवळलं. वर सुशीलानं हात पुढं केले... आणि खाली घेतले. मागून कुणीतरी ओरडलं, “उतर वं, चुलीपाशी बस!” पुन्हा हशा. ती शिडीकडे वळली. मला पोहता येत नाही, नाहीतर मीच उडी टाकली असती. पायातली चप्पल काढली आणि दिली तलावात भिरकावून.

पाणी फुटलं. ती फिरली आणि झेपावली. तेव्हा मला दिसलं, चप्पल नेमकी तिच्याखाली तरंगते आहे. एवढ्या उंचीवरून येणारं डोकं... मी डोळे मिटले. धप्प आवाज झाला आणि मग काहीच नाही. एवढी भीती मला ती गेली त्या दिवशीही वाटली नाही. डोळे उघडले तर ती काठाशी, हातात चप्पल. “घे. वीतभर चुकली. दगड नव्हता भेटत काय?”

निवड झाली. पुढं ती राज्यासाठी कितीतरी वर्षं खेळली, मग त्याच तलावावर मुलींना शिकवू लागली. पदकांचं सगळ्यांनी लिहिलंच आहे. स्पर्धेच्या सकाळी तिच्या घशाखाली घास उतरत नसे, हे कुणी लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या तलावावर गेले. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उंच ओट्यावर चढली, उभी राहिली, आणि रडत शिडी उतरू लागली. मला वाटलं, आता हसतील. पण रांगेतल्या सगळ्या मुलींनी शिडीकडे पाठ केली.

“काय गं हे?” मी जवळच्या मुलीला विचारलं.

“वरून उतरणारीकडे पाहाचं नाही. सुशीलाबाईंचा नियम हाय.”

आणि सगळ्यात पुढच्या मुलीनं, मागं न बघताच, शिडीच्या दिशेनं हात लांब करून टॉवेल धरला होता.