काळी सवत

माझ्या सवतीला भेटायला दर शुक्रवारी शारजाहून अल ऐनच्या रस्त्याला लागावं लागे. एका श्रीमंत अरबाच्या फार्मवर जाळीआड ती राहायची. हिमालयातली काळी अस्वलीण. छातीवर पांढरी चंद्रकोर, माझ्या कपाळावरच्यापेक्षा ठसठशीत.

आमचे हे एसीचे इंजिनिअर. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वर्कशॉप दुबईत, रास अल खोरला होतं आणि या फार्मवरच्या प्राण्यांच्या गार खोल्यांचं काम यांच्याकडे आलं. काम तासाभराचं. ते उरकून हे जाळीसमोर बसून राहत आणि अंधार पडल्यावर घरी येत. मग जेवताना तिच्याच गोष्टी. सकाळी ती भिंतीलगत एकाच वाटेने फेऱ्या घालते. ऊन चढलं की पाण्याच्या टाकीत बसते आणि स्वतःचा मागचा पाय हातात धरून चाटत राहते. दुपारी खांबाला पाठ घासते, डोळे मिटून.

"अगं, आज ती एकदम डल होती," हे एकदा म्हणाले. "कंप्रेसर ट्रिप झालेला. तिला गरम होत असणार."

त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. स्वयंपाक तशातच केला, तो ताप यांना दिसला नाही. आमटीत मीठ नाही, हे मात्र पहिल्या घासाला कळलं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. माझं खरोखरच अळणी झालं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

मत्सर वाटतो म्हणून सांगायचं तरी कोणाला? एखादी बाई असती तर चार मैत्रिणींनी माझी बाजू घेतली असती. अस्वल म्हटल्यावर त्या पोट धरधरून हसल्या असत्या. मुलीजवळ विषय काढला तर ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मम्मा, इट्स ओन्ली अ बेअर."

म्हणून मी शुक्रवारी, यांच्या सुट्टीच्या दिवशी, सोबत जाऊ लागले. नजर ठेवायला, दुसरं काय. एकदा तिने खजुराच्या झावळ्या एकेक करून कोपऱ्यात ओढत नेल्या, अंगाखाली दडपल्या आणि त्यांवर ऐसपैस बसली. मी नवी साडी नेसून शेजारी उभी होते. "बघ, आता ती देठ मोडणार," हे कुजबुजले. तिने देठ मोडला. यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिला सांभाळणारा माणूस हिमाचलचा. त्यानेच यांच्या डोक्यात भरवलं. "साब, हमारे गाँव में ये खुली घूमती है. छुट्टी में आ जाओ."

आता, सुट्टी दोन वर्षांतून एकदा. आखातातल्या बाईचं सगळं माहेर त्यात मावतं. साताऱ्याला आई दिवस मोजत होती, माझ्या बॅगा खजूर-बदामांनी भरून तयार होत्या आणि हे तिकिटं घेऊन आले. शेवटचा आठवडा हिमाचलात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, वर्षभर बघताय ती कमी पडली?"

"ती खरं म्हणजे कशी जगली असती, ते बघायचंय," हे म्हणाले.

मी खरं म्हणजे कशी जगले असते, ते बघावंसं यांना कधी वाटलं नव्हतं. मी फक्त भांडी जरा जोरात आपटली.

त्या गावात चौथ्या दिवशी तिच्या जातीचं एक दिसलं. सकाळची वेळ, समोरच्या उतारावर अक्रोडाचं झाड, आणि त्याच्या दुबेळक्यात काळंभोर अस्वल. ते फांदी जवळ ओढायचं, मोडायचं, अक्रोड खायचं आणि मोडकी फांदी अंगाखाली सारायचं. होता होता त्याची हिरवी बैठकच तयार झाली. तिथे त्याला घाई नव्हती, फेऱ्या नव्हत्या. पोट भरल्यावर ते उतरलं, नाक वर करून वारा हुंगला आणि आमच्याकडे पाठ फिरवून रानात गेलं. एकदाही वळलं नाही.

"आपली झावळ्यांचं हेच करते गं," हे म्हणाले आणि रडू लागले. हमसून हमसून. माझे वडील गेले तेव्हा हे कोरड्या डोळ्यांनी विमानाची तिकिटं काढत होते. मी यांच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण आतून नुसती जळत होते.

परत आल्यावर सगळं बदललं. हे काम आटपून उजेडात घरी यायला लागले. अस्वलाचं नाव नाही. मला हवं होतं तेच झालं, म्हणून पहिल्या दिवशी मी शिरा केला. हे खायचे, प्लेट बाजूला ठेवायचे आणि खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगची भिंत बघत बसायचे. मी बोलले तर "हं" म्हणायचे. असे किती दिवस काढायचे? एका शुक्रवारी मीच म्हटलं, "चला, तिला बघून येऊ."

गाडी यांनी चालवली, पण फार्मवर पोचल्यावर हे खाली उतरले नाहीत.

"तू जा. मला बघवत नाही."

मी एकटी जाळीपाशी गेले. ती उठून लगबगीने आली. मी पुढे केलेला खजूर तिने हुंगलादेखील नाही. माझ्या खांद्यावरून मागे ती बघत राहिली, म्हणून मीही वळून बघितलं. काचेआड हे मान खाली घालून बसले होते. आम्ही दोघी बराच वेळ तशाच उभ्या होतो. यांनी मान वर केली नाही.