सुधीरने शोधलेले पणजोबा

क्युपर्टिनोहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बॅडमिंटन खेळता खेळता सुधीर कोसळला; हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सुधीर माझा चुलतभाऊ, माझ्याहून काही महिन्यांनीच मोठा. पुण्याला माझ्या वडिलांना, अण्णांना, मीच कळवलं. अण्णा फोनवर हमसून हमसून रडले. आई गेली तेव्हाही त्यांना असं रडताना मी ऐकलं नव्हतं... खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात आधी असूया आली, दुःख मागून.

२००४ साली अण्णा सहा महिने अमेरिकेत, माझ्याकडे सांता क्लाराला राहिले होते. जेटलॅग उतरायच्या आतच सुधीर त्यांना न्यायला येऊ लागला. आमचे पणजोबा मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकले, एवढंच घरात माहीत होतं. पुढे अण्णाही तिथेच शिकले. सुधीरने मुंबईला ईमेल करकरून, ओळखी काढून पणजोबांच्या उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कागद मिळवला आणि एका रविवारी माझ्याच घरी जेवताना तो वाचून दाखवला. उमेदवार दोनदा पळून गेला, दोन्ही वेळा बापाने परत आणून सोडला, अशी त्यात नोंद होती.

अण्णा खदखदून हसले. "अरे, मीही पळालो होतो! सर्कशीबरोबर थेट मिरजेपर्यंत!"

"अण्णा, हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू पहिला नंबर काढणारा मुलगा. तुला पळून जायच्या गोष्टी कशाला सांगू?"

"मी बारावीला गटांगळ्या खाल्ल्या ना यार, म्हणून मला सांगतात," सुधीर म्हणाला आणि दोघं हसत सुटले. मी ताटं उचलायला उठलो.

मग अण्णांचे सगळे शनिवार-रविवार त्याच्याकडेच जाऊ लागले. "तूही थांब ना," तो दर वेळी मनापासून म्हणायचा. त्याचा तो चांगुलपणाच मला जास्त सलायचा. अण्णांना सोडून मी तसाच परत फिरायचो.

गेल्या आठवड्यात वहिनीने त्याच्या ईमेल बघायला बोलावलं. त्याच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसून मी एकेक उघडत होतो. मुंबईहून एक उत्तर आलं होतं, सोबत स्कॅन केलेला एक कागद. सुधीरने कुणालाही न सांगता अण्णांच्या उमेदवारीचा कागद मागवला होता. मी तिथूनच पुण्याला फोन लावला.

"अण्णा, तुमचा कागद मिळालाय. वाचू?"



"वाच," अण्णा म्हणाले. "पण घाई नको. सुधीर सावकाश वाचायचा."